काहिलीतली माघार

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी टेकवाडीच्या गरडांच्या घरात सरपंचपदाच्या तीन उमेदवार होत्या. तिघींच्या माघारीच्या कागदांवर सह्या झालेल्या होत्या आणि ते तिन्ही कागद श्रीमंत गरडांच्या काखेतल्या पिशवीत होते. दोघींचे कागद दुपारी तीनच्या आत शेवगावला तहसीलमध्ये द्यायचे आणि एकीचा फाडून टाकायचा, एवढंच काम उरलं होतं. कोणत्या एकीचा, ते मात्र ठरलं नव्हतं. म्हणजे श्रीमंतच्या मते ठरलं होतं, आणि त्याचा धाकटा भाऊ गहिनीनाथ याच्या मतेही ठरलं होतं. फक्त दोघांचं ठरलेलं वेगवेगळं होतं.

टेकवाडी हे बेट. धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालची शेतं, रस्ता आणि गरडांचं गुऱ्हाळ बुडालं आणि टेकाडावरची चाळीस घरं तेवढी वर राहिली. चारी बाजूंनी पाणी आणि मतदार सव्वादोनशे. एवढ्याशा गावात निवडणूक लावली तर पुढची पाच वर्षं शेजारी विरजण मागायची सोय राहत नाही, म्हणून सरपंचपद पाच-सहा मोठ्या घरांत पाळीने फिरायचं आणि बिनविरोध व्हायचं. यंदा पाळी गरडांची आली आणि जागा नेमकी बाईला राखीव निघाली. छाननीत एखादा अर्ज उडाला तर पंचाईत नको, म्हणून घरातल्या तिन्ही बायकांचे अर्ज भरले होते. श्रीमंतच्या डोक्यात त्याची सून जया होती. गहिनीनाथच्या डोक्यात त्याची बायको सुरेखा होती. तिसरा अर्ज श्रीमंतच्या बायकोचा, लंकाबाईचा. तो नुसता डमी, त्यामुळे तो कुणाच्याच डोक्यात नव्हता.

आणि सरपंच व्हायचं होतं ते फक्त लंकाबाईला.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. अर्जावर सही करताना तिचा हात थोडा थांबला होता, तेव्हा श्रीमंतला वाटलं होतं की बाईला आपल्या नावातला अनुस्वार आठवत नसावा. तीस वर्षं लंकाबाई या पाण्यातून माणसं अलीकडे-पलीकडे नेत होती. दवाखान्याची, शाळेची, बाजाराची. गावाला पाण्यात उतरायला धड पायऱ्या नव्हत्या. आठ महिन्यांची पोटुशी बाई गुडघाभर चिखलातून हाताला धरून न्यावी लागे. पायऱ्या बांधा म्हणून तिने सहा सरपंचांना सांगून पाहिलं होतं. त्यांतला एक तिचा नवराच होता.

त्या दिवशी लाँच बंद होती. तिच्या पंख्यात कुणाचं तरी जाळं गुंतलं होतं आणि जाळं ज्याचं तो कापू देत नव्हता. मग राहिली गुऱ्हाळातली जुनी काहील. उसाचा रस आटवायची ही भली मोठी लोखंडी कढई गुऱ्हाळ बुडालं तेव्हा तरंगत वर आली आणि तेव्हापासून गरडांची नाव झाली. बुडाला गोल आणि तोंडाला गोल असल्यामुळे तिला पुढची बाजू अशी नाहीच. पुढे बसून एकट्याने डावं-उजवं वल्हं मारत नेली तर ती सरळ जाते. ती विद्या गावात लंकाबाईकडे होती.

लंकाबाई सवयीने वल्हं उचलायला गेली, तर श्रीमंतने तिला थांबवलं. पलीकडच्या काठावर चार गावची माणसं असतात, त्यांच्यासमोर गरडांच्या घरची उमेदवार वल्हं मारताना दिसली तर काय शोभा राहील, असं त्याचं म्हणणं पडलं.

"उमेदवारानं वल्हं मारायचं नसतं," तो म्हणाला. "गप मदी बस."

लंकाबाई मधे बसली. संसाराच्या इतक्या वर्षांत नवऱ्याने तिला बरीच नावं दिली होती, पण उमेदवार म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तिला ते आवडलं. तिने नऊवारीचा घोळ सावरला, हात मांडीवर ठेवले आणि नुसतं बसायचं कसं असतं ते करून पाहायला लागली.

आता वल्हवणार कोण? गहिनीनाथ म्हणाला मी. पण गहिनीनाथ वल्हवायला लागला की दादा पिशवीत हात घालून सुरेखाचा कागद वर काढणार, अशी त्याला शंका होती. श्रीमंत म्हणाला मी. पण आपली पाठ वळली की गहिनीनाथ पिशवी ओढणार, अशी त्यालाही खात्री होती. शेवटी दोघांनी एकेक वल्हं घेतलं, पिशवी मधोमध ठेवली आणि दोघेही पिशवीवर नजर ठेवता यावी असे समोरासमोर तोंड करून बसले. साडेबारा वाजता दोघे भाऊ आणि तिघी बायका यांना घेऊन काहील निघाली.

श्रीमंतने वल्हं आपल्याकडे ओढलं. गहिनीनाथने आपल्याकडे ओढलं. काहील जागच्या जागी गरकन फिरली.

"जोरात वढ," श्रीमंत म्हणाला.

गहिनीनाथने जोरात ओढलं. काहील जोरात फिरली. वाऱ्याने तिला काठापासून हळूहळू मधल्या पाण्यात नेलं, त्यामुळे दोघा भावांची अशी समजूत झाली की आपण जातोय.

पलीकडच्या काठावर श्रीमंतचा मुलगा अंगद जीप घेऊन उभा होता. तो नागापूरला कारखान्यात कामाला, आजच्या दिवसापुरती सुट्टी काढून आलेला. बराच वेळ पाहून त्याने बायकोला, जयाला, फोन लावला. जयाने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावून मांडीवर ठेवला.

"आण्णा, तुमी येताय का माघारी चाललाय?" अंगदने विचारलं. "मला हितनं घडीत तुमी दिसताय, घडीत काका दिसत्यात."

श्रीमंत म्हणाला, आलोच. तेव्हा दीड वाजत आला होता.

जयाला गरगरायला लागलं होतं. तिने एकदा बेटाकडे बघायचं ठरवलं, तर बेट गेलं आणि काठ आला. काठाकडे बघावं तर बेट आलं. तिने डोळे मिटले, पण आत तर सगळंच फिरत होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यांतले जेमतेम साठ दिवस ती नवऱ्याजवळ राहिली होती. अंगदने नागापूरला खोली बघून ठेवली होती, गॅसचं कनेक्शनसुद्धा आलं होतं. आणि इथे मामांना, म्हणजे तिच्या सासऱ्याला, तिला पाच वर्षं या टेकाडावर सरपंच करून बसवायचं होतं. सही सुनेची आणि कारभार सासऱ्याचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. आजवर तिने मामांच्या समोर होय सोडून दुसरा शब्द काढला नव्हता. पण इतकं गरगरत असताना माणसाला मर्यादा कुठवर राहणार?

"मामा, माझा कागद द्या तहसीलला," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मला सरपंच न्हाई व्हायचं. मला नागापूरला जायचंय." मग ती काहिलीच्या कडेवरून पाण्याकडे वाकली आणि तिला एकदाचं मोकळं झालं.

फोन चालूच होता. त्यातून अंगद म्हणाला, "आण्णा, मी सांगनारच हुतो." श्रीमंत म्हणाला, तू फोन ठेव.

गहिनीनाथचा चेहरा असा उजळला की त्याने वल्हवायचंही थांबवलं. समोरचा गडी आपोआप बाद झाला होता. आता राहिली सुरेखाच, असं म्हणून त्याने मोठ्या मनाने दादाची समजूत काढायला घेतली. कारभार आपण दोघं मिळून बघू, शिक्का तुमच्याकडे ठेवा, असं बरंच तो बोलत राहिला. सुरेखा पाण्याकडे बघत ऐकत होती.

सुरेखा बारावी झालेली. चार लोकांत बोलायची तिला भीती नव्हती आणि खरं सांगायचं तर खुर्चीचा मोहही थोडा पडला होता. पण आदल्या दिवशी पलंगाखालचं गोणपाट ओढताना तिला गुंडाळलेला फ्लेक्स सापडला होता. तिने तो अंगणात पसरून पाहिला. त्यावर गहिनीनाथ कोट घालून, हात जोडून, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत उभा होता. खालच्या कोपऱ्यात बिल्ल्याएवढ्या गोलात सुरेखा होती. नाव होतं, पण त्यावर गहिनीनाथचा बूट आला होता. ते पाहून ती तेव्हा काही बोलली नव्हती, कारण भाकरी तव्यावर होती.

"कारभार तुमी दोघं बघनार, शिक्का दादांकडं," ती आता म्हणाली. "मग मी काय करायचं?"

"तू सरपंच," गहिनीनाथ म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"तर मग माझा बी कागद द्या. फ्लेक्स छापायला तुमचा फोटू हाय की."

काहील फिरत राहिली. दोन्ही कागद आता तहसीलला द्यायचे होते आणि पिशवीत तिसरा एकच उरत होता. तो कुणाचा, हे आठवायला दोघा भावांना एक अख्खी फेरी लागली. मग दोघांनी एकाच वेळी लंकाबाईकडे पाहिलं.

न मागता मिळतंय तर गप्प राहावं, असं लंकाबाईला क्षणभर वाटलं. पण नवऱ्याचा चेहरा तिला पुरता ठाऊक होता. पलीकडे पोचेपर्यंत हा माणूस जयाला दटावून परत उभी करणार, नाहीतर गहिनीनाथ सुरेखाला गोडीत घेणार, आणि आपला कागद साहेबाच्या टेबलावर जाऊन पडणार. तो गेला की परत घरात पाळी येईपर्यंत आपण काठी टेकत असू.

"माझा कागद मला द्या," ती म्हणाली. "मला उभं ऱ्हायचंय."

"तुला?" श्रीमंत म्हणाला.

"मला. पायऱ्या बांधायच्यात."

श्रीमंतला राग आला नाही, त्याला आधी नवल वाटलं. मग राग आला. जया असती तर तो म्हणेल तिथे सही झाली असती. सुरेखा असती तर निदान गहिनीनाथशी भांडून अर्धा कारभार हाती आला असता. पण ही सरपंच झाली तर आपल्याला घरात विचारणार कोण आणि चावडीत विचारणार कोण? हाच विचार त्याच वेळी गहिनीनाथच्याही मनात आला. गेली अकरा वर्षं बांधावरून एकमेकांशी धड न बोललेले भाऊ त्या क्षणी एक झाले. दादा म्हणतील तसंच व्हायला पाहिजे, कागदाचा निर्णय पलीकडे पोचल्यावरच, असं गहिनीनाथ ठासून म्हणाला. एवढंच नाही, आपण एक आहोत हे बायकांना दिसावं म्हणून तो उठून दादाच्या शेजारी जाऊन बसला आणि दोघांनी एकाच बाजूने वल्हं मारायला घेतलं.

काहील त्या अंगाला कलली आणि उलट्या बाजूने फिरायला लागली.

सव्वादोन झाले. दोघा भावांचे दंड भरून आले, हाताला फोड आले. पिशवी घट्ट धरायला जावं तर वल्हं सुटायचं. काठावर आता खरंच चार गावची माणसं जमली होती. कुणीतरी लांबून शिट्टी मारली. अखेर गहिनीनाथनेच आपलं वल्हं लंकाबाईपुढे केलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला की वहिनी, एवढं पलीकडं न्या, घरचं भांडण घरात मिटवू.

लंकाबाईने हात मांडीवरून हलवले नाहीत.

"उमेदवारानं वल्हं मारायचं नसतं, भाऊजी. ह्येंनीच सांगितलंय."

"मग जया मारंल," श्रीमंत म्हणाला.

"मी बी अजून उमेदवारच हाय, मामा," जया म्हणाली. सुरेखाने तर दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी भर पुरात याच काहिलीतून लंकाबाईने तिला पलीकडे नेलं होतं आणि रस्ताभर तिला आपल्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगत होती. त्या म्हशीचं पुढे काय झालं ते सुरेखाला अजून कळलं नव्हतं, कारण तेवढ्यात काठ आला होता. ते आता आठवून तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. दादा, आक्कांचा कागद देऊन टाका, ती म्हणाली. आज घरातल्या तिन्ही बायका एका बाजूला आहेत, हे लक्षात घ्या.

श्रीमंतने दिला नाही. दिला असता तर दोन कागद वेळेत पोचले असते, बिनविरोध झालं असतं आणि गावाने गुलाल उधळला असता. पण भर पाण्यात, लोकांच्या देखत, बायकोने मागितलं आणि आपण दिलं, हे त्याच्याने होईना. पिशवी छातीशी धरून तो बसला. जयाच्या मांडीवरचा फोन पावणेतीनला परत वाजला.

"आण्णा, आता इमान आनलं तरी जमनार न्हाई," अंगद म्हणाला. "मी जीप बंद करतो."

तीन वाजेपर्यंत सगळे तसेच बसून राहिले. तीन वाजून गेल्याची खात्री करून घेतल्यावर लंकाबाई उठली, गहिनीनाथच्या हातातून वल्हं घेतलं, पुढे जाऊन बसली आणि डावं-उजवं करत काहील सरळ घराकडे आणली. काठ आला तेव्हा श्रीमंतने तिला हात द्यायला म्हणून पाय खाली टाकला आणि स्वतःच चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. तिने त्याला ओढून वर काढलं.

टेकवाडीत निवडणूक लागली, तीसुद्धा एकाच घरातल्या तीन बायकांमध्ये. चिन्हं संध्याकाळी अंगदने फोनवर कळवली. लंकाबाईला छत्री, सुरेखाला कपबशी, आणि जिथे मुळात रस्ताच नाही तिथे जयाला रोड रोलर. पुढचे दहा दिवस घरात विचित्र प्रचार झाला. जया दारोदार जाऊन हात जोडायची आणि मला मत देऊ नका म्हणायची. सुरेखाने तो फ्लेक्स कांद्यावर झाकायला घेतला. गहिनीनाथ मात्र हट्टाने कपबशीचाच प्रचार करत राहिला. बायकोचा रुसवा काढायचा दुसरा मार्ग त्याला सुचत नव्हता. बायको नको म्हणायची आणि तो घरोघरी चहा पीत तिच्या शिक्षणाबद्दल सांगायचा.

आणि श्रीमंत? तो घरात तिन्ही चिन्हांशी बोलेना. न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या पारावर त्याने एकच सांगितलं, की मी नोटा दाबणार. घरातल्या बायका माजल्यात आणि मला कुणीच पसंत नाही. रात्री जेवताना लंकाबाईने त्याच्या ताटात भाकरी वाढली की तो ती खायचा आणि परत म्हणायचा, नोटा. लंकाबाई बरं म्हणायची. तिला ते लागायचं. गावाने नाही म्हटलं असतं तर तिने सोसलं असतं, पण या एका माणसाने आपल्याला मत द्यावं असं तिला फार वाटत होतं, आणि ते त्याच्याकडे मागणं तिला काही केल्या जमत नव्हतं.

मोजणीच्या दिवशी लाँच सुरू झाली होती. पाचही जण शेवगावला गेले आणि टेबलाशी ओळीने उभे राहिले. एकच मशीन, त्यामुळे वेळ लागला नाही. साहेबांनी बटण दाबलं आणि कागदावर लिहीत वाचून दाखवलं. जया अंगद गरड, शून्य. लंकाबाई श्रीमंत गरड, दोनशे नऊ. सुरेखा गहिनीनाथ गरड, एक. नोटा, शून्य.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग जयाने सासऱ्याकडे पाहिलं, सुरेखाने पाहिलं, गहिनीनाथने तर वाकून पाहिलं. श्रीमंत छताच्या पंख्याकडे बघत होता.

"मशीन बिघडल्यालं दिसतंय," तो म्हणाला.

लंकाबाईने तोंडावर पदर धरला. दोनशे नऊ मतांचं तिला काय ते नंतर कळणार होतं, आत्ता तिला त्यातलं एकच मत दिसत होतं. इतका खोटारडा माणूस आपल्या वाट्याला आला याचा तिला मनापासून आनंद झाला.

जिंकलेल्या घरात हरलेला एकटा गहिनीनाथ. पण त्यालाही काहीतरी हाताशी हवं होतं. त्याने घसा साफ केला आणि सुरेखाकडे वळून छाती थोडी पुढे काढली.

"तुला एक पडलं ना? त्ये माझं. सगळं गाव एकीकडं झालं, पर मी कपबशीच दाबली."

सुरेखाला मनातल्या मनात लाज वाटली. तिने स्वतः छत्री दाबली होती. फोटो मोठा छापू दे, बूट नावावर येऊ दे, पण अख्ख्या गावात आपल्यासाठी उभा राहिला तो हाच एक माणूस. इतके दिवस आपण त्याच्याशी तुटक वागलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने टिपलं.

लंकाबाई चुळबुळत होती. खोटं तिला पचत नसे आणि नव्या सरपंचाने पहिल्याच दिवशी ते पचवावं हेही तिला बरं दिसेना.

"भाऊजी, त्ये मत माझं हाय," ती हळूच म्हणाली. "छत्रीच्या शेजारी माझं नाव छापल्यालं दिसलं. मी आजवर कुटं बघितलं नव्हतं. डोळं भरून आलं, मग काय दिसंना, आन् बोट खालच्या बटनावर पडलं."

सुरेखाने डोळ्यांचा पदर खाली घेतला आणि सावकाश नवऱ्याकडे वळून पाहिलं.